खोलीचा घुमारा

वाचकहो, आणि विशेषतः शाळेतले गुरुजी व बाई हो, आरंभीच एक लहानसा प्रयोग सांगतो. शाळा सुटून पोरे घरी गेली की रिकाम्या वर्गाच्या मधोमध उभे राहा आणि एक खणखणीत टाळी वाजवा. टाळी हाताशी संपत नाही. ती भिंतीवर जाते, छतावर जाते, परत येते, आणि क्षणभर सगळा वर्ग झणझणत राहतो. दुसऱ्या दिवशी चाळीस पोरे बसलेली असताना तीच टाळी वाजवून पाहा. आता ती कोरडी, तुकडा पाडल्यासारखी संपेल. भिंती त्याच, छत तेच. मग घुमारा गेला कुठे? तो पोरांच्या कपड्यांत, दप्तरांत आणि केसांत जिरला. आजच्या विषयाचे निम्मे शास्त्र एवढ्यातच आले. उरलेले निम्मे सांगायला मात्र दोन हजार वर्षे मागे जावे लागेल, आणि मग तिथून भोसरी-चाकणपर्यंत परत यावे लागेल.

भोसरी-चाकणपर्यंत अशासाठी, की तिकडच्या माणसाला हा प्रश्न सध्या फार छळतो आहे. पूर्वी ध्वनिमुद्रण म्हणजे मुंबईच्या कंपनीचे किंवा नभोवाणी केंद्राचे काम. आज ते यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. चिंचवडचे भजनी मंडळ आपले अभंग मुद्रित करते, चाकणची शिक्षिका आपला धडा मुद्रित करून पोरांना पाठवते, भोसरीच्या कारखान्यात पाळी करणारा पोरगा सुट्टीच्या दिवशी पोवाडा म्हणतो. पदरमोड करून चांगला मायक्रोफोनही घेतात. आणि मग ऐकू काय येते? विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखा आवाज! मग कुणीतरी सांगतो, ‘खोलीला ट्रीटमेंट करावी लागेल, लाखभर रुपये ठेवा.’ तिथेच बिचाऱ्याचा पोवाडा थांबतो.

माझे म्हणणे असे, की खोली ताब्यात आणण्याच्या इतिहासात पैशाचे काम नेहमीच दुय्यम राहिले आहे. ज्यांनी हा घुमारा जिंकला त्यांनी हाताशी असलेल्या वस्तूंनी जिंकला, आणि त्या वस्तू तुमच्या घरात बहुधा आहेतच.

आपल्याकडे या विषयावरचा सर्वांत जुना लेखी विचार भरताच्या नाट्यशास्त्रात सापडतो. त्याच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृह कसे बांधावे ते सांगितले आहे. माणसांसाठी ते चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद असावे, त्याहून मोठे करू नये. का, तर फार मोठ्या मंडपात नटाचे बोलणे प्रेक्षकाला नीट ऐकू जात नाही, स्वर विस्कटून जातो. मंडप डोंगरातल्या गुहेसारखा असावा, खिडक्या लहान असाव्यात, वारा शिरू नये, म्हणजे आवाज गंभीर राहतो, असेही तो सांगतो. भरताजवळ मोजमापाचे यंत्र नव्हते, कान होता. परंतु मुद्दा त्याने अचूक पकडला: जागेचा आकार आणि आवाज यांचे नाते असते, आणि जागा बांधतानाच ते ध्यानात घ्यायचे असते.

पुढे आपली घरे ज्या रीतीने बांधली गेली, तिच्यात हे नाते आपोआप सांभाळले जाई. मातीच्या जाड भिंती, शेणाने सारवलेली जमीन, वर वासे आणि कौले, कोपऱ्यात धान्याची कणगी, वळणीवर कपडे, भिंतीशी रचलेली अंथरुणे. अशा घरात सपाट आणि कठीण असे फारसे काही नसेच. आवाज इकडे गेला तर कणगीवर आपटून विखरे, तिकडे गेला तर अंथरुणांत जिरे, उरलेला कौलांच्या फटींतून निघून जाई. देवळाचा सभामंडप पुष्कळदा तीन बाजूंनी मोकळा, म्हणून टाळ-मृदंगाचा एवढा कल्लोळ असूनही अभंगाचे शब्द कळत. यात कुणाची मोठी योजना होती असे मी म्हणत नाही. घरे वेगळ्या कारणांनी तशी झाली आणि कानाचा फायदा होऊन गेला, इतकेच.

हे सगळे पवनेच्या आणि इंद्रायणीच्या काठी दोन पिढ्यांत पालटले. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, १९६६ साली टेल्को पुण्याला आली, आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी होऊ लागल्या. १९७० साली इथे नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. पुढे चाकणच्या माळावर मोटारींचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. मराठवाड्यातून, खानदेशातून, साताऱ्या-सोलापुराकडून माणसे आली आणि त्यांनी भाड्याच्या खोल्या धरल्या. खोली कशी? दहा फूट बाय बारा फूट, वर सिमेंटची स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, चारी भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि त्यावर तेलाचा रंग. धुवायला सोपी आणि पावसाळ्यात न गळणारी. राहणाऱ्याला यात मोठेच सुख आहे, आणि कौलारू घराच्या आठवणीने उगाच उसासे टाकण्याचे कारण नाही. पण आवाजाच्या दृष्टीने पाहाल तर ती आरशांची खोली झाली. सहाही बाजूंनी आवाज जसाच्या तसा परत!

असा परत येणारा आवाज मोजायचा कसा, ते जगाला एका मास्तराने शिकवले, आणि ही गोष्ट प्रत्येक गुरुजींनी वर्गात सांगावी अशी आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली एक नवे कलाभवन उघडले होते. त्यातले व्याख्यानाचे दालन दिसायला सुरेख, पण बोललेला एकेक शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. तेवढ्या वेळात वक्ता आणखी बारा-पंधरा अक्षरे बोलून जाई. म्हणजे श्रोत्याच्या कानात एकाच वेळी बारा-पंधरा अक्षरांची खिचडी! यावर काही उपाय करा म्हणून ते काम वॉलेस सॅबिन नावाच्या पदार्थविज्ञानाच्या तरुण शिक्षकावर सोपवले गेले. त्याचे वय सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास.

सॅबिनने काय करावे? शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांवरच्या गाद्या रात्री उचलून आणाव्यात, दालनात पसराव्यात, ऑर्गनची नळी वाजवून थांबवावी आणि आवाज पुरता मरेपर्यंत किती वेळ लागतो ते घड्याळाने मोजावे. मग आणखी गाद्या आणाव्यात आणि पुन्हा मोजावे. हे सारे मध्यरात्रीनंतर, कारण दिवसा रस्त्यावरच्या ट्रामगाड्यांचा खडखडाट. आणि पहाट व्हायच्या आत गाद्या जागच्या जागी परत! ट्रामगाड्यांचा हा मुद्दा लक्षात ठेवा. थोड्या वेळाने तो मुंबईत आगगाडीच्या रूपाने पुन्हा भेटणार आहे.

गाद्या वाढत गेल्या तसा साडेपाच सेकंदांचा घुमारा एक-सव्वा सेकंदावर आला. मध्येच सॅबिनच्या ध्यानात आले की आपल्या अंगावरच्या कपड्यांनीसुद्धा मोजमाप बदलते आहे. म्हणून त्याने पूर्वीची हजारो निरीक्षणे बाजूला टाकली आणि पुढे रोज तेच कपडे घालून मोजणी केली. अशा चिकाटीतून त्याने जो नियम काढला, तो पाचवीच्या गणिताइतका सोपा आहे. खोलीचे घनफळ घनफुटांत घ्या, त्याला ०.०४९ ने गुणा, आणि खोलीत आवाज गिळणारे क्षेत्र जेवढे चौरस फूट असेल त्याने भागा. उत्तर येईल ते घुमाऱ्याचे सेकंद. आवाज गिळणारे क्षेत्र कशात मोजायचे, तर ‘उघड्या खिडकीत’. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी हे त्याचे माप. भिंत तिच्या शंभरांतले दोन-तीन भागच गिळते. जाड गादी सहा-सात दशांश किंवा जास्तही गिळते.

चला, आपली दहा बाय बारा, नऊ फूट उंचीची खोली घेऊ. घनफळ १०८० घनफूट. सहाही बाजू मिळून ६३६ चौरस फूट पृष्ठ, त्याचे शंभरांतले तीन भाग म्हणजे सुमारे १९ चौरस फूट उघडी खिडकी. गणित करा: घुमारा पावणेतीन सेकंद! खोली अगदीच रिकामी असेल तेव्हाचा हा आकडा. सामानसुमान असले तर कमी भरेल. पण बोलण्यासाठी किंवा एकट्याच्या गाण्यासाठी लहान खोलीत घुमारा एक-तृतीयांश सेकंदाच्या आसपास हवा. त्यासाठी उलटे गणित केले, तर सुमारे १६० चौरस फूट उघडी खिडकी लागते. हा आकडा बाजूला टिपून ठेवा. तो लागणार आहे.

आता कुणी म्हणेल, ‘अहो, आमचे आजोबा ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकत, तेव्हा कुठे होत्या या गाद्या?’ रास्त प्रश्न आहे. १९२५ पर्यंत तबकडी मुद्रित होई ती विजेशिवाय. गवई एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गाई, आणि कर्ण्याच्या टोकाची सुई मेणावर रेघ ओढी. त्या कर्ण्याचे कान फार जड. अगदी जवळचे, जोराचे तेवढे ऐकू येई. खोलीचा बारीक घुमारा त्याच्या गावीही नसे. उलट आवाजाला उठाव यावा म्हणून कठीण भिंतींची लहान खोली बरी पडे. १९२५ साली विजेचे ध्वनिमुद्रण आले आणि मायक्रोफोन नावाचा हलक्या कानाचा पाहुणा घरात शिरला. तो सगळेच ऐकतो. तुमचे गाणे ऐकतो, भिंतीचे ऐकतो, पंख्याचे ऐकतो. आपले दोन कान आणि डोके मिळून नको ते गाळून टाकतात, म्हणून राहत्या खोलीतला घुमारा आपल्याला जाणवत नाही. मायक्रोफोनला हा विवेक नाही.

या पाहुण्याशी पहिली गाठ आपल्याकडे बोलपटवाल्यांची पडली. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला, तो आपला पहिला बोलपट. त्याचा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता आणि दिवसभर गाड्यांची धडधड चाले. भिंती जाड करायला ना वेळ ना पैसा. मग त्यांनी काय केले? गाड्या थांबल्या की मध्यरात्रीनंतर चित्रण! मायक्रोफोन नटांच्या आसपास लपवलेले आणि सगळे युनिट रात्रभर जागे. सॅबिनचीच युक्ती ही, फक्त ट्रामच्या जागी आगगाडी.

पुढच्याच वर्षी, १९३२ साली, कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला. प्रभातमध्ये ध्वनीची बाजू विष्णुपंत दामले यांनी स्वतः अंगावर घेतली. दामले मुळात पडदे रंगवणारे, यंत्रे जुळवणारे कारागीर. ध्वनिशास्त्राची पदवी वगैरे काही नव्हती. १९३३ साली कंपनी पुण्याला आली, आणि दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ साली निघाला. ज्या इंद्रायणीकाठी देहूत तुकोबा झाले, तिथल्या अभंगाचा आवाज देशभर पोहोचवण्याचे काम कान तयार असलेल्या एका कारागिराच्या देखरेखीखाली झाले. हे मुद्दाम सांगतो, कारण कारखान्यात हाताने काम करणाऱ्या माणसाला ‘हे आपले काम नव्हे’ असे उगाच वाटत असते.

नभोवाणीची हकीकत जरा निराळी, आणि तिच्यात एक इशारा आहे. लंडनला १९२३ साली बीबीसीने सॅव्हॉय हिलवर स्टुडिओ उघडला, तेव्हा त्यांनी घुमाऱ्याचा धसकाच घेतला होता. भिंतींवर, छतावर जाड कापडाचे थरांवर थर. परिणाम? खोली मेली. गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकू येईना, जीव गुदमरे. शिवाय कापडाने वरचा, बारीक आवाज खाल्ला आणि खालचा, जाड आवाज तसाच ठेवला, म्हणून सगळे बसके वाटे. पुढच्या वर्षांत त्यांना ते पडदे हळूहळू उतरवावे लागले. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी आणि पुण्याचे २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, तोवर हा धडा जगाने गिरवला होता: घुमारा मारायचा नसतो, माणसाळवायचा असतो. पुणे केंद्राने १९५६ साली पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांसाठी शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा जो प्रसिद्ध प्रयोग केला, तोसुद्धा शेवटी या एकाच गोष्टीवर उभा होता की बोललेला शब्द गावच्या चावडीत बसलेल्या माणसाला स्पष्ट कळावा.

आता आपल्या खोलीत येऊ. इथे दोन कामे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. बाहेरचा आवाज आत येऊ न देणे हे एक काम. आतला आवाज आत घुमू न देणे हे दुसरे. गोधडी दुसरे काम करते, पहिले मुळीच करीत नाही. बाहेरचा आवाज अडतो तो वजनाने. भिंतीचे वजन दुप्पट केले तर आवाज पाच-सहा डेसिबलने उतरतो, आणि कानाला तो निम्मा वाटायला दहा डेसिबल उतरावा लागतो. म्हणजे भिंत जवळजवळ चौपट जड हवी! भाड्याच्या खोलीत हे करणार कोण? शेजारच्या शेडमधल्या पॉवर प्रेसची धमक तर जमिनीतून येते. तेव्हा ‘आलम आरा’चाच मार्ग बरा: वेळ निवडा. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तो दिवस, किंवा मग रात्री उशिराची वेळ. दाराखालची फट मात्र जरूर बुजवा. भिंत कितीही जाड असो, आवाज फटीतून पाण्यासारखा शिरतो. पंखा बंद, फ्रीज बंद. आणि फ्रीज बंद केला की गाडीची किल्ली त्याच्यातच ठेवा, म्हणजे घरी निघताना तो पुन्हा सुरू करण्याची आठवण राहील, नाहीतर दुधावरून घरात निराळाच आवाज उठायचा.

दुसरे काम गोधडीचे. आपल्या आयाबायांनी जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेली गोधडी किंवा वाकळ ही आवाज गिळणारी अव्वल वस्तू आहे: जाड, जड, सच्छिद्र. आपला आकडा आठवा, १६०. खोलीच्या भिंतींचे १९ गेले. खाटेवर गादी, उघडे ठेवलेले कपड्यांचे कपाट आणि दोन माणसे मिळून पन्नासेक धरा. उरले ९०. सहा बाय चारची गोधडी २४ चौरस फुटांची. नीट टांगली तर १५ ते १८ चौरस फूट उघड्या खिडकीचे काम देते. म्हणजे पाच-सहा गोधड्यांत हिशेब जुळतो. विकत काय आणायचे, तर दोर आणि खिळे.

‘नीट टांगली तर’ म्हणालो, त्यात सगळी मेख आहे. गोधडी भिंतीला चिकटवू नका, चार बोटे ते वीतभर पुढे टांगा. याचे कारण असे. बैलाचे दावे खुंटीला बांधून दुसऱ्या टोकाने हलवा. खुंटीजवळ दावे हलत नाही. थोडे दूर आले की झोके घेते. आवाज म्हणजे हवेचे हलणे. कठीण भिंतीला लागून असलेली हवा खुंटीजवळच्या दाव्यासारखी, ती जागची हलूच शकत नाही. आणि गोधडी आवाज गिळते ती हलणारी हवा तिच्या धाग्यांत घासून, तिची ऊब करून. हवा हलतच नसेल तर गोधडी घासणार काय? आवाज जेवढा जाड तेवढी हालचाल भिंतीपासून दूर. सेकंदाला हजार कंपनांचा आवाज भिंतीपासून साधारण साडेतीन इंचांवर सर्वांत जास्त हलतो. शंभर कंपनांचा जवळजवळ तीन फुटांवर. सॅव्हॉय हिलचे पडदे जाड आवाजापुढे का हरले, ते आता ध्यानात आले असेल.

हा जाड आवाजच लहान खोलीचा खरा त्रास. बारा फुटांच्या दोन भिंतींत सेकंदाला सुमारे ४७ कंपनांचा आवाज आणि त्याच्या पटीतले आवाज अडकून फुगतात. दहा फुटांत ५६ आणि पटीतले. डग्ग्याचा घुमारा एके ठिकाणी दुप्पट होतो आणि दोन हात सरकले की गायब होतो, तो यामुळे. खोली लांबी-रुंदीला सारखी असेल तर फारच वाईट, कारण दोन्हीकडचे एकाच जागी फुगतात. उपाय दोन. खोलीच्या अगदी मधोमध बसू नका; बारा फुटांत एका भिंतीपासून साडेचार फुटांच्या आसपास बसा. आणि जाड आवाज कोपऱ्यांत साठतो, म्हणून कापसाच्या जुन्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यांत उभ्या करा, जमतील तितक्या उंच. रद्दी कापसाची पोतीही चालतील.

कुणाला थोडे पक्के काम करायचे असेल तर त्याने लाकडी चौकटी कराव्यात. भट्ट्या आणि बॉयलर यांना उष्णता रोखण्यासाठी रॉकवूलच्या दोन इंची लाद्या लावतात, त्या या औद्योगिक पट्ट्यात सहज मिळतात. चौकटीत लादी बसवा, भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा. लादीचे धागे अंगाला खाजतात, तेव्हा नाकाला फडके आणि हाताला मोजे हवेत, आणि वरून कापडाचे घट्ट आवरण हवे. आवरण कसले? तोंडाने फुंकून पाहा. श्वास पार गेला तर आवाजही जाईल. तागाचे गोणपाट याला उत्तम. चाकणच्या कांद्याच्या बाजारात ते मिळाले तर पाहा. मात्र प्लॅस्टिकचे विणलेले पोते आणू नका, त्यातून श्वास जात नाही.

अंड्यांच्या पुठ्ठ्यांविषयी चार शब्द बोललेच पाहिजेत, कारण गावोगाव हा समज पसरला आहे. अंड्यांचे रिकामे ट्रे भिंतीला चिकटवले की स्टुडिओ झाला! तो पातळ, हलका कागद. बारीक आवाजातला थोडासा भाग इकडेतिकडे करतो, बाकी काही नाही. बाहेरचा आवाज तर तिळभर अडत नाही. आणि आग लागली तर भिंतभर काडेपेटी. स्वस्तातल्या फोमचेही तेच. तो पेटतो आणि विषारी धूर करतो. जिथे दार एकच आहे अशा खोलीत या वस्तू नकोत. गोधडीसुद्धा कापूसच आहे, म्हणून तिच्याजवळ उदबत्ती आणि समई ठेवू नये.

मायक्रोफोनसाठी एवढेच, की तोंडापासून एक वीत अंतर. अंतर निम्मे केले की थेट आवाजाचे बळ चौपट होते, खोलीचे मात्र तेवढेच राहते. ही सर्वांत स्वस्त ट्रीटमेंट. तिला दमडी लागत नाही. गाण्याचा मायक्रोफोन बहुधा समोरचे ऐकतो आणि पाठीमागे बहिरा असतो. तेव्हा गोधडी टांगायची ती आधी गाणाऱ्याच्या पाठीमागे, कारण मायक्रोफोनची नजर तिकडे आहे. लोक नेमके उलटे करतात. सहाही बाजू मात्र झाकू नका. एखादी भिंत उघडी ठेवा, तिच्याशी पुस्तकांची मांडणी असू द्या. उंच-सखल पुस्तके आवाज विखरतात आणि खोलीत जीव राहतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटेल, म्हणून एक उदाहरण देतो. याच पट्ट्याला लागून मावळ आणि मुळशी हे तालुके आहेत. तिथल्या आणि महाराष्ट्रातल्या इतर खेड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह वर्षानुवर्षे गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह. नव्वदीच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कित्येकींचे ध्वनिमुद्रणही केले, आणि आता ‘पारी’ या संस्थेने ते धन सर्वांपुढे मांडले आहे. ओवीत सूर साधा असतो. सगळा ऐवज शब्दांत. आणि घुमारा पहिल्यांदा खातो ते शब्दांनाच. आ, ई, ओ हे स्वर बळकट, ते तरतात. त, थ, स, फ, ट ही व्यंजने क्षणभराची आणि अशक्त, मागच्या स्वराच्या घुमाऱ्यात ती बुडतात. ज्यांना या ओव्या पाठ आहेत त्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. त्यांतल्या कित्येक मुलाबरोबर चिंचवडला, भोसरीला, चाकणला राहायला आल्या आहेत, आणि त्या राहतात त्या खोल्या दहा बाय बाराच्याच.

तेव्हा नातवंडांनी मुद्रणापूर्वी एक परीक्षा घ्यावी. शाळेत तर ती पन्नास पोरांकडून घेता येईल. ताट, थाट, पाट, फाट, सात, साथ, कात, खात असे वीस शब्द मागेपुढे करून त्या खोलीत वाचा व मुद्रित करा, आणि दुसऱ्या खोलीत ते ऐकवून पोरांकडून लिहून घ्या. चुका मोजा. एक गोधडी हलवा, मायक्रोफोन चार बोटे पुढे घ्या, पुन्हा वाचा. चुका कमी होतात तोवर हे चालू ठेवा. मग आजीला बसवा. पुष्कळ जणींना नुसते बसून ओवी आठवत नाही, हाताला खुंटा लागतो. घरात जाते असेल तर ते मांडा, पण त्याच्याखाली दोन पोती दुमडून घाला, म्हणजे फरशी धमधमणार नाही. आणि दळण मूठभरच घाला, रिकामे जाते फार करकरते.